विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाताना जुना डेटा कसा जपावा

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, आणि म्हणूनच ‘चाललंय ना, चालू दे’ असे म्हणत अनेक घरांत, दुकानांत आणि लहान कार्यालयांत जुनीच प्रणाली अजून सुरू आहे. या चालढकलीमागे आळसापेक्षा भीतीच अधिक असते. इतक्या वर्षांचे फोटो, टॅलीतली खाती, मुलांचे प्रकल्प आणि जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रे अपग्रेड करताना पुसली जाणार नाहीत ना, हा प्रश्न मनात असतो. भीती निराधार नाही, फक्त तिचा रोख चुकीच्या जागी असतो. विंडोज सुरू असताना तिच्या आतूनच केलेले अपग्रेड फाइलींना सहसा धक्का लावत नाही. डेटा जातो तो त्याच्या आधीच्या तास-दोन तासांत: डिस्कवर जागा करताना, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूलभूत मांडणीत) बदल करताना, इन्स्टॉलेशनसाठी पेन ड्राइव्ह तयार करताना, किंवा दुरुस्तीला आलेल्या माणसाने ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हटल्यावर आपण मान डोलावतो तेव्हा. त्यामुळे पुढील लेखात अपग्रेडच्या कृतीपेक्षा पूर्वतयारीलाच जास्त जागा दिली आहे.

यंत्र पात्र आहे का?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ६४-बिट प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्योर बूटला (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) सक्षम असलेले यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे जुन्या बायोसची नवी पद्धत, लागते. ४ जीबी रॅमवर प्रणाली बसते खरी, पण वापरणाऱ्याची चिडचिड होते, त्यामुळे व्यवहारात ८ जीबीच किमान समजावी. प्रोसेसरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अॅप चालवले की यंत्र पात्र आहे की नाही आणि नसेल तर नेमके कशामुळे, हे ते सांगते.

याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी पाहून कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टिम टाइप’ समोर ३२-बिट लिहिले आहे की ६४-बिट. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि ३२-बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेड होत नाही. तिथे नव्यानेच प्रणाली बसवावी लागते, म्हणजे डेटा आधी पूर्णपणे बाहेर काढण्याला पर्याय उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच पानावरची एडिशन. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही एडिशन असते, आणि तिचा उपयोग पुढे निवड करताना होईल. तिसरी गोष्ट म्हणजे स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडावे आणि ‘बायोस मोड’ समोर ‘यूईएफआय’ आहे की ‘लेगसी’ ते पाहावे. लेगसी असेल, तर त्याविषयीचा भाग वाचल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

प्रत काढणे

बॅकअपविषयी एक गैरसमज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की तो आधी दूर केला पाहिजे. संगणक घेताना दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडून देतो, आणि ‘महत्त्वाचे सगळे डी मध्ये ठेवा, सी उडाला तरी डी राहील’ असे सांगतो. केवळ विंडोज बिघडली तर हे खरे आहे. पण डिस्कच निकामी झाली, पार्टिशनची नोंद बिघडली किंवा नव्याने इन्स्टॉल करताना चुकीच्या ओळीवर ‘डिलीट’ दाबले गेले, तर सी आणि डी एकत्रच जातात, कारण ती एकाच घराची दोन खोल्यांत केलेली वाटणी असते. म्हणून बॅकअप संगणकाच्या बाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असला पाहिजे, आणि जे खरोखर परत मिळणार नाही त्याची आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या कोणाच्या घरी असली पाहिजे. गुगलच्या खात्यात १५ जीबी आणि वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा मोफत मिळते. सगळे फोटो त्यात मावणार नाहीत, पण खाती, दस्तऐवज आणि प्रमाणपत्रांचे स्कॅन सहज मावतात.

प्रत कशाची काढायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. सी ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ फोल्डरात आपल्या नावाचा जो फोल्डर असतो, तो संपूर्ण उचलावा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे त्यातच असतात. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये ‘हिडन आयटम्स’ वर खूण केली की त्याच फोल्डरात ‘अॅपडेटा’ नावाचा लपलेला फोल्डरही दिसू लागतो. ब्राउझरच्या बुकमार्कपासून अनेक प्रोग्रॅमच्या मांडणीपर्यंत पुष्कळ गोष्टी त्यात असतात. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड मात्र फोल्डर कॉपी करून दुसरीकडे सहसा वाचता येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याशी बांधून कूटबद्ध केलेले असतात. त्यासाठी ब्राउझरमध्ये साइन-इन करून सिंक चालू आहे याची खात्री करावी.

यूजर्सच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी हमखास विसरल्या जातात. टॅलीचा डेटा कुठे आहे ते कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसते. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ निवडावे, आणि त्याशिवाय टॅली बंद करून तो फोल्डरही उचलून ठेवावा. आउटलुक वापरणाऱ्यांनी ‘आउटलुक फाइल्स’ मधील पीएसटी फाइल (साठवलेले मेल तिच्यातच असतात) आउटलुक बंद असतानाच कॉपी करावी. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘न्यू फोल्डर’ किंवा ‘ऑफिस जुने’ अशा नावांचे जे फोल्डर पडलेले असतात, तेही एकदा उघडून पाहावेत, कारण कधी कधी सर्वांत मोलाचे कागद तिथेच असतात.

मराठीत डीटीपी, पत्रिका किंवा न्यायालयीन कागदपत्रांचे काम करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत रुळण्याआधीच्या) फाँटमध्ये तयार झालेल्या फाइलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे नसतात. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी चित्रे बसवलेली असतात. फाँट गेला की फाइल शाबूत राहूनही मजकूर वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फोल्डरातील ‘फाँट्स’ मधून हे फाँट वेगळ्या फोल्डरात काढून ठेवावेत. एखादा फाँट फक्त एका वापरकर्त्यापुरता बसवलेला असेल, तर तो अॅपडेटातील ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फाँट्स’ या मार्गावर सापडतो. ज्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवाना तपासणारी, संगणकाला जोडायची छोटी किल्ली) लागतो, तसेच जीएसटी आणि ई-निविदेसाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, यांचे ड्रायव्हर विंडोज ११ साठी उपलब्ध आहेत का, हे आधीच उत्पादकाकडे विचारून ते उतरवून ठेवावेत.

वनड्राइव्ह वापरत असल्यास आणखी एक खाच आहे. फाइलीच्या नावासमोर ढगाचे चिन्ह दिसत असेल, तर ती फाइल आपल्या डिस्कवर नसतेच, फक्त तिची नोंद असते. अशा फोल्डरावर उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे, सगळे उतरेपर्यंत थांबावे आणि मग कॉपी करावी. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात ठेवावे, कारण इथे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते.

कॉपी पूर्ण झाल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या ताडून पाहावी. नंतर बाह्य डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून शक्यतो दुसऱ्याच संगणकाला जोडावी आणि वेगवेगळ्या फोल्डरांतील दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात: एखादा जुना फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत, एखादे एक्सेल. उघडून न पाहिलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही. त्यानंतर ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी आणि अपग्रेड संपेपर्यंत जोडूच नये.

ज्यांना फाइलींसोबत सगळे प्रोग्रॅमही होते तसेच परत आणण्याची सोय हवी असेल, त्यांनी क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढावी. लायसन्सच्या किल्ल्या हरवलेली जुनी सॉफ्टवेअरे ज्या संगणकावर आहेत, तिथे हे कष्ट सार्थकी लागतात. मात्र क्लोनझिलात मूळ डिस्क आणि लक्ष्य डिस्क यांची अदलाबदल झाली तर जे वाचवायचे तेच पुसले जाते, त्यामुळे डिस्कचे मॉडेल आणि क्षमता दोनदा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जागा करताना

सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी जागा मोकळी असली की काम सुरळीत होते. ही जागा करण्यासाठी सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ हे पान सोयीचे आहे, पण त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हाही एक पर्याय असतो. नावामुळे तो तात्पुरत्या कचऱ्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात मात्र आपण उतरवलेली बँकेची विवरणपत्रे आणि व्हॉट्सअॅपवरून जतन केलेले कागद त्यातच असतात. त्यावर खूण नाही याची खात्री करूनच पुसण्याचे बटण दाबावे. डिस्क जुनी असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने तिची प्रकृती पाहून घ्यावी. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, तर अपग्रेडचा विचार बाजूला ठेवून आधी डेटा बाहेर काढावा आणि डिस्क बदलावी, कारण अपग्रेडच्या वेळी डिस्कवर होणारे वाचन-लेखन दैनंदिन वापरापेक्षा कितीतरी जास्त असते.

बिटलॉकर आणि बायोस

गेल्या काही वर्षांतल्या अनेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करताच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा सगळा डेटा कूटबद्ध करणारी, विंडोजच्या बिटलॉकरवर चालणारी सोय) आपोआप चालू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोजच्या वापरात याने काही बिघडत नाही. पण बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्योर बूटची मांडणी बदलली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतला डेटा कोणालाच वाचता येत नाही. अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही उपयोग होत नाही. म्हणून बायोसमध्ये शिरण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या उपकरणाच्या नोंदीखाली ही की दिसते का ते पाहावे, ती कागदावर उतरवावी किंवा छापून घ्यावी, आणि पडद्यावरचा ‘की आयडी’ सोबत लिहावा. की त्याच लॅपटॉपवर जतन करणे म्हणजे कुलपाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावणे होय. प्रो एडिशनमध्ये कंट्रोल पॅनेलमधून ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ निवडून बिटलॉकर तात्पुरता थांबवता येतो. होम एडिशनमध्ये बायोस बदलावाच लागणार असेल, तर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करून उलगडण्याची प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी.

पीसी हेल्थ चेकने टीपीएम नसल्याचे सांगितले, तरी बऱ्याचदा ते यंत्रात असते आणि नुसते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत बायोसमध्ये ते ‘पीटीटी’ या नावाने आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. तेवढे चालू करणे सोपे आहे.

‘बायोस मोड’ लेगसी असेल तर मात्र सावकाश चालावे. अशा डिस्कवर पार्टिशनची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असते, तर यूईएफआयला जीपीटी पद्धत लागते. डिस्क न बदलता नुसते बायोसमध्ये जाऊन लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद केले, तर संगणक ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असे सांगून थांबतो, आणि घाबरून लोक तिथेच फॉरमॅटला होकार देतात. वास्तविक डेटा जागच्या जागी असतो. बदललेली मांडणी पूर्ववत केली की विंडोज पुन्हा सुरू होते. योग्य क्रम असा की विंडोज १० सोबतच येणाऱ्या ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनाने आधी ‘व्हॅलिडेट’ करून पाहावे, ते उत्तीर्ण झाले तरच ‘कन्व्हर्ट’ करावे आणि त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय निवडावे. हे साधन डेटा न पुसता रूपांतर करते, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते नकार देते. दुकानात पाडून दिलेले डी आणि ई हे कैक वेळा एक्स्टेंडेडमधलेच असतात. अशा वेळी त्यांतील डेटा बाहेर काढून ते भाग काढून टाकावे लागतात. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष अपग्रेड

सुरुवात करण्यापूर्वी विंडोज १० च्या सगळ्या प्रलंबित सुधारणा बसवून संगणक एकदा रीस्टार्ट करावा. बाहेरचा अँटिव्हायरस त्याची किल्ली लिहून घेऊन काढून टाकावा, आणि प्रिंटर, डोंगल, पेन ड्राइव्ह असे सगळे काढून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवावा. खात्याचा पासवर्ड आठवतो आहे ना, हेही तपासावे. रोज पिन वापरणाऱ्यांना पासवर्ड विसरल्याचे नेमके याच दिवशी कळते. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा आणि डेस्कटॉपला यूपीएस असावा. ज्या भागात वीज ठरावीक वेळी जाते, तिथे ती जाऊन परत आल्यावरच काम हाती घ्यावे.

पहिला आणि सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सेटिंग्जमधील विंडोज अपडेट. तिथे विंडोज ११ देऊ केलेली दिसत असेल, तर तिथूनच उतरवून बसवावी. फाइली, प्रोग्रॅम आणि मांडणी सगळे आपोआप राखले जाते. ती दिसत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ वापरावा. त्याचेही काम जवळपास तसेच आहे.

तिसरा मार्ग आयएसओ फाइलचा, म्हणजे संपूर्ण इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फाइलीत बांधलेली असते तिचा. एकापेक्षा जास्त संगणक असतील किंवा इंटरनेट अधूनमधून तुटत असेल, तर तो बरा पडतो. ही फाइल काही जीबींची असते. ती विंडोज १० मध्येच डबल-क्लिक करून उघडावी, आणि जणू डीव्हीडी घातली आहे अशा रीतीने दिसणाऱ्या नव्या ड्राइव्हमधील ‘सेटअप’ चालवावे. पुढे ‘चूज व्हॉट टू कीप’ या पडद्यावर तीन पर्याय येतात: ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स’, ‘कीप पर्सनल फाइल्स ओन्ली’ आणि ‘नथिंग’. आपल्याला पहिलाच हवा. तो फिकट दिसत असेल आणि निवडता येत नसेल, तर सेटअप तिथेच बंद करावे. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे भाषेचा किंवा एडिशनचा मेळ नसणे. विंडोज ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ ची आणि उतरवलेली आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ ची, एवढ्या फरकानेही हा पर्याय हुकतो. योग्य भाषेची आयएसओ पुन्हा उतरवली की प्रश्न सुटतो. शेवटच्या ‘रेडी टू इन्स्टॉल’ पडद्यावर काय राखले जाणार आहे ते लिहिलेले असते, ते वाचूनच ‘इन्स्टॉल’ दाबावे.

ज्यात डेटा जाण्याचा धोका सर्वाधिक आहे, तो मार्ग म्हणजे पेन ड्राइव्हवरून संगणक बूट करणे. फाइली आणि प्रोग्रॅम राखणारे अपग्रेड चालू विंडोजच्या आतूनच होते. बाहेरून बूट केल्यावर मिळते ते नवे इन्स्टॉलेशन. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासूनच्या सेटअपमध्ये तर फाइली, अॅप आणि मांडणी सगळे पुसले जाईल हे मान्य असल्याची खूण करायला लावणारा चौकोन स्पष्टपणे येतो, आणि घाईत लोक तो परवान्याच्या अटींसारखा न वाचता भरून टाकतात. शिवाय असा पेन ड्राइव्ह बनवताना ‘मीडिया क्रिएशन टूल’ त्यावरचे आधीचे सर्व पुसते. कालच बॅकअप घेतलेला पेन ड्राइव्ह त्यासाठी पुढे करणारे महाभाग असतात.

इन्स्टॉल सुरू झाल्यावर डिस्कच्या वेगानुसार अर्ध्या तासापासून तीन-चार तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मध्ये संगणक अनेकदा रीस्टार्ट होतो. एखाद्या टक्क्यावर आकडा बराच वेळ अडून राहतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर वाट पाहावी आणि बटण दाबून बंद करू नये. काम मध्येच फसलेच, तर सेटअप साधारणपणे स्वतःहून विंडोज १० वर परत येते आणि एक त्रुटी-क्रमांक दाखवते. ‘०एक्ससी१९००१०१’ ने सुरू होणारा क्रमांक बहुधा ड्रायव्हरचा दोष सांगतो, तर ‘०एक्स८००७००७०’ म्हणजे जागा अपुरी आहे.

अपग्रेडनंतर

नवा डेस्कटॉप दिसल्यावर आधी फाइली पाहाव्यात, सजावट नंतर करावी. डेस्कटॉप रिकामा दिसला तरी लगेच धीर सोडू नये. कधी विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलने उघडलेली असते आणि एकदा रीस्टार्ट केल्यावर सगळे परत दिसते. कधी वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या फोल्डरात हलवलेले असतात, ते तिथे शोधावेत. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आहे का, ‘अॅक्टिव्हेशन’ मध्ये परवाना चालू दिसतो का, प्रिंटर, डोंगल आणि स्वाक्षरीचा टोकन चालतात का, हे एकेक जोडून तपासावे. जुन्या दस्तऐवजांत लागणारा मंगल फाँट सापडत नसेल, तर ‘ऑप्शनल फीचर्स’ मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ बसवावेत. मंगलसोबत कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हेही त्यातच येतात.

सी ड्राइव्हवर आता ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा मोठा फोल्डर दिसेल. तो मागे फिरण्याचा रस्ता आहे. पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ आणि ‘गो बॅक’ या मार्गाने विंडोज १० वर परत जाता येते. फाइली राहतात, पण अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि केलेले बदल जातात. ही मुदत संपली की विंडोज तो फोल्डर स्वतःच काढून टाकते, आणि ‘डिस्क क्लीनअप’ मध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ वर खूण केली तर त्याआधीही तो जातो. जागेच्या मोहाने ती खूण करू नये. वापरातले प्रत्येक सॉफ्टवेअर या १० दिवसांत एकदा तरी उघडून, त्यातून एक छपाई काढून पाहावी. महिनाअखेरीस किंवा तिमाहीलाच लागणारी सॉफ्टवेअरे यात हमखास राहून जातात.

यंत्र अपात्रच ठरले, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (तिच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत) युक्त्या करून विंडोज ११ बसवणारे अनेक जण आहेत, पण अशा यंत्रांना पुढील सुधारणा मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या संगणकावर धंद्याची खाती आहेत तिथे हा प्रयोग मी सुचवणार नाही. त्याऐवजी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा-सुधारणांच्या योजनेत नाव नोंदवावे. तिच्यामुळे घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळत राहतात. नोंदणीची सोय सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरच आहे, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते. कपाटात ठेवलेल्या बॅकअपची गरज या यंत्रालाही तितकीच आहे, कारण अपग्रेड न झालेली डिस्कही जुनी होतच असते.